जादा वर्गातून मुलाने केव्हा बाहेर पडावे?

अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी शाळेत जे जादा तास घेतले जातात, त्यास उपचारात्मक अध्यापन म्हणतात. आपल्या अमरावती-अकोल्याकडे मुलाला या वर्गात का घातले, हे पालक गुरुजींना आवर्जून विचारतात. त्यातून बाहेर केव्हा काढणार, हे मात्र क्वचितच विचारले जाते. वस्तुतः हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

मुलाला लवकर काढले तर पुढच्या इयत्तेत विज्ञान-भूगोलाचे पुस्तक वाचतानाच ते अडते. गरज संपल्यावरही ठेवले तर खेळाचा, चित्रकलेचा तास बुडतो आणि 'ढ' हा शिक्का कायमचा बसतो.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. शाळाबाह्य मुलांसाठी कलम ४ मध्ये विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत त्याची मुदत किमान ३ महिने व जास्तीत जास्त २ वर्षे असून, मधली वाढ वेळोवेळी होणाऱ्या मूल्यमापनावर ठरते. वर्गात सामावून घेतल्यानंतरही त्या मुलाकडे विशेष लक्ष द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे सुटका तारखेवर नव्हे, प्रगतीवर ठरावी. आणि सुटकेनंतरही लक्ष असावे. हेच तत्त्व जादा वर्गालाही लागू करता येते.

मग प्रगती ओळखावी कशी? २००५ पासून होत असलेल्या 'असर' पाहणीची पद्धत सोपी आहे. अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचन तपासतात. गणितात अंक ओळखण्यापासून हातच्याची वजाबाकी व भागाकारापर्यंत. मूल न अडखळता गोष्ट वाचून तिचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगू लागले, की वाचनाच्या वर्गातून त्याला मोकळे करावे. गणित कच्चे असल्यास फक्त त्या विषयापुरते ठेवावे.

एकाच चाचणीवर मात्र विसंबू नये. दिवाळीच्या सुट्टीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत बरीच मुले गैरहजर राहतात. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. धारणी-चिखलदऱ्याकडील कोरकू बोलणारे मूल मराठी वाचताना अडखळते, ते बुद्धीने मंद म्हणून नव्हे, तर भाषा नवी म्हणून. त्याला भाषेची मदत हवी. आणि काही महिन्यांत काहीच फरक पडत नसेल, तर तोच वर्ग लांबवू नये. डोळे, कान तपासून घ्यावेत व शिकविण्याची पद्धत बदलावी.

बँकेतील कर्जखाते मुदत संपली म्हणून बंद होत नाही आणि बाकी शून्य झाल्यावर ते उघडेही ठेवीत नाहीत. येथेही तोच न्याय असावा. मुलाला वर्गात घालतानाच पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात : त्याला नेमके काय यावयास हवे, ते कधी तपासणार आणि बाहेर पडल्यावर त्याच्याकडे कोण पाहणार?