रुग्णनोंदींतील ‘इंजेक्शन’ : लक्षण-परीक्षा आणि निदानपरिवर्जन

चिकित्सालयातील केसपेपर, औषधालयातील साठावही आणि बिले आता अनेक ठिकाणी संगणकावर आली आहेत. रुग्णाने केवळ वैद्यालाच विश्वासाने सांगितलेला वृत्तांतही त्यांत असतो. या नोंदींवर होणारा ‘एसक्यूएल इंजेक्शन’ नामक आघात आणि तो ओळखणारे एक साधन यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

आघाताचे स्वरूप

एसक्यूएल ही डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा होय. शोधचौकटीत आपण रुग्णाचे नाव लिहिले की सॉफ्टवेअर एक वाक्य जुळविते : ज्याचे नाव ‘अमुक’ आहे, त्याची नोंद दाखव. आता कोणी नावाच्या जागी ‘अमुक’ लिहून अवतरणचिन्ह तेथेच बंद केले आणि पुढे ‘किंवा १ = १’ असे जोडले, तर वाक्याचा अर्थच पालटतो. १ बरोबर १ हे सदैव सत्य असल्याने सर्व रुग्णांच्या नोंदी उघड होतात. चिठ्ठीवर नावाच्या रेषेत कोणा परक्याने औषधाची मात्रा लिहावी आणि औषध देणाऱ्याने ती वैद्याची आज्ञा समजून पुडी बांधावी, तसाच हा प्रकार. याच मार्गाने नोंदी बदलता वा पुसताही येऊ शकतात.

या दोषाची जाहीर चर्चा १९९८ साली झाली. तरीही तो नष्ट झालेला नाही. ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरध्वनी कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती ऑक्टोबर २०१५ मध्ये याच मार्गाने चोरीस गेली आणि २०१६ मध्ये कंपनीस ४ लाख पौंड दंड झाला. दोष होता तो २००९ मध्ये विकत घेतलेल्या दुसऱ्या व्यवसायाबरोबर आलेल्या जुन्या वेबपानांत.

लक्षण ओळखणारे साधन

निक गॅलब्रेथ यांनी २०१२ मध्ये ‘लिबइंजेक्शन’ हे मुक्त साधन प्रसिद्ध केले. तत्पूर्वीच्या अनेक चाळण्या संशयास्पद शब्द वा चिन्हे शोधत. अवतरणचिन्ह दिसताच अडविणारी चाळणी गोव्यातील डि’सूझा आडनावाच्या रुग्णालाही अडवील! लिबइंजेक्शन एका चिन्हावर विसंबत नाही. आलेला मजकूर एसक्यूएलच्या दृष्टीने वाचून ते त्याचे घटक पाडते : मजकूर, अंक, ‘किंवा’सारखा संयोजक, टिप्पणीचे चिन्ह इत्यादी. अधिकाधिक पाच घटकांच्या क्रमावरून एक ठसा बनतो आणि तो ज्ञात आघातांच्या ठशांशी ताडून पाहिला जातो. एकट्या लक्षणावरून नव्हे, तर लक्षणसमुच्चयावरून व्याधी ओळखावी, तशीच ही रीत. ‘मॉडसिक्युरिटी’ या वेब-संरक्षक प्रणालीतही हे साधन उपलब्ध आहे.

मर्यादा आणि मूळ उपाय

तथापि ज्ञात ठशांत न बसणारा आघात निसटू शकतो आणि क्वचित निर्दोष मजकूरही अडविला जातो. म्हणून हे साधन पहारेकरी आहे, चिकित्सा नव्हे. चिकित्सा आपल्या परिचयाचीच आहे, ती म्हणजे निदानपरिवर्जन. आज्ञेचे वाक्य आधीच निश्चित करून रुग्णाचे नाव त्यात केवळ ‘मूल्य’ म्हणून स्वतंत्रपणे द्यावयाचे. यास ‘पॅरामीटराइज्ड क्वेरी’ म्हणतात. मग त्या जागी काहीही लिहिले तरी ते नावच राहते, आज्ञा होत नाही.

सॉफ्टवेअर पुरविणाऱ्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

१. सर्व ठिकाणी पॅरामीटराइज्ड क्वेरी वापरली आहे काय?
२. सॉफ्टवेअरच्या खात्यास डेटाबेसमध्ये आवश्यक तेवढेच अधिकार आहेत काय?
३. वापरात नसलेली जुनी पाने काढून टाकली आहेत काय?
४. आघात ओळखणारी यंत्रणा आहे काय आणि तिच्या नोंदी कोण पाहतो?
५. नोंदींची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवून ती परत उघडून पाहिली जाते काय?

‘सॉफ्टवेअर आमचे नाही’ असे म्हणून आपली सुटका होत नाही. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अधिनियम, २०२३ नुसार माहिती गोळा करणाराच तिच्या रक्षणास उत्तरदायी ठरतो, मग प्रत्यक्ष काम दुसऱ्याकडे सोपविलेले का असेना. योग्य सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. परंतु रुग्णाचे गुपित राखणे हा वैद्याचा धर्म कायद्याहून जुना आहे. केसपेपरचे कपाट आपण कुलूपबंद ठेवीत होतो. संगणकाचे कुलूपही तपासून घेणे आपलेच कर्तव्य आहे.