मशिदीच्या तीन पायऱ्या: रॅम्प ही मेहरबानी नाही, हक आहे

पेण असो की रोहा, प्रत्येक मोहल्ल्यात असे एखादे चाचा असतात. वर्षानुवर्षे फजरला पहिल्या सफमध्ये उभे राहिलेले. मग लकवा येतो किंवा गुडघे जातात आणि ते मशिदीत दिसेनासे होतात. आपण म्हणतो, "तब्येत बरी नसते त्यांची." खरं तर काठी टेकत मशिदीच्या दारापर्यंत ते येऊ शकतात. अडतात ते तिथल्या तीन पायऱ्यांवर. जुमाला दोन पोरं धरून वर नेतात, पण रोज पाच वेळा कुणाला हाक मारायची? संकोच वाटतो आणि माणूस घरातच नमाज पढू लागतो.

"माजूर माणसाला सवलत आहे, घरी पढली तरी चालते," असं यावर लगेच सांगितलं जातं. बरोबर आहे. पण ती सवलत त्यांच्यासाठी आहे. तिचा आधार घेऊन जमातीने पायऱ्या तशाच ठेवाव्यात, असा तिचा अर्थ होत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात हजरत अब्दुल्ला इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी ते मदिनेत अजान देत. हज-उमरा करून आलेल्यांनी सफा आणि मरवाच्या मध्ये व्हीलचेअरसाठी केलेली वेगळी वाट पाहिलीच असेल. तिथे जे चालतं, ते आपल्या मोहल्ल्यात का नको?

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलेलं आहे. फक्त हात-पाय किंवा डोळे नाहीत. कमी ऐकू येणं, थॅलेसेमिया, ऑटिझम, पार्किन्सन, शिकण्यातल्या अडचणी हेही त्यात येतात.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की रॅम्प फक्त सरकारी कचेरीला लागतो. तसं नाही. या कायद्यात 'सार्वजनिक इमारत' म्हणजे लोक ज्या इमारतीत ये-जा करतात ती, मग ती सरकारी असो की खाजगी. शाळा, दवाखाना, दुकानं यांच्याबरोबर धार्मिक कामासाठी वापरली जाणारी जागाही त्यात स्पष्ट लिहिली आहे. म्हणजे मशीद, मदरसा, जमातखाना, शादी हॉल, सगळं आलं. नवी इमारत नियमाप्रमाणे नसेल तर तिला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. जुन्या इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम 2017 मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत 2022 मध्येच संपली.

8 नोव्हेंबर 2024 रोजी सुप्रीम कोर्टाने राजीव रातुरी यांच्या याचिकेवर निकाल दिला. रातुरी स्वतः अंध आहेत. कोर्ट म्हणालं, या सोयींचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाहीत. किमान काही नियम सक्तीचे हवेत. ते बनवायला केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली.

रॅम्प म्हणजे नुसता उतार नव्हे

बऱ्याच ठिकाणी पायरीला सिमेंटचा चार-पाच फुटांचा उतार लावतात आणि काम झालं म्हणतात. असा उतार स्कूटर चढवायला बरा; त्यावरून व्हीलचेअर ढकलली तर ती उलटू शकते. निकष 1:12 चा आहे, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर उंची 18 इंच झाली आणि रॅम्प 18 फूट लांब हवा. सरळ जागा नसेल तर भिंतीलगत वळवता येतो. वळणावर साधारण पाच फूट सपाट जागा सोडावी. रुंदी किमान चार फूट आणि दोन्ही बाजूंना धरायला रेलिंग. आपल्याकडे पावसाळ्यात शेवाळ धरतं, म्हणून गुळगुळीत लादी लावू नका, वरचा थर खडबडीत ठेवा.

दरवाजा तीन फुटांचा मोकळा हवा. वजूखान्यात निदान एक नळ असा असावा की खुर्चीवर बसून हात-पाय धुता येतील. एका संडासात कमोड, भिंतीला धरायचे दांडे आणि बाहेर उघडणारं दार हवं. व्हीलचेअरच्या चाकांच्या पाकीचा प्रश्न निघाला तर आतल्या वापरासाठी एक वेगळी खुर्ची ठेवता येते. मसला आपल्या इमाम साहेबांना विचारावा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना जुम्याच्या बयानचे मुद्दे लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर देता येतात. त्याला खर्चही नाही.

आणि निकाह-वलीम्याचा हॉल पहिल्या मजल्यावर घेताना घरातल्या दादी-नानीचा विचार आधी करा. नातीच्या लग्नात दादीने खाली खुर्चीवर बसून राहावं, हे बरं दिसत नाही.

मुलांच्या परीक्षा

रॅम्पशिवायही सोयी असतात. ज्या मुलाला लिहिता येत नाही त्याला लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळू शकतो. दहावी-बारावीसाठी हा अर्ज शाळेमार्फत बोर्डाकडे जातो. परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ नको. वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांना भेटा. 11 फेब्रुवारी 2021 च्या विकास कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 40 टक्के अपंगत्वाचा दाखला नाही, एवढ्या कारणाने लेखनिक नाकारता येत नाही. "टक्के कमी आहेत" असं कुणी म्हटलं तर हा निकाल दाखवा.

कागद आधी करून घ्या

नोकरीतलं 4 टक्के आणि उच्च शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण, एसटीच्या भाड्यातली सवलत, यासाठी मात्र 40 टक्के किंवा त्याहून जास्तीचा दाखला लागतो. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा अर्ज भरायचा आणि तपासणीला जायचं. जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. पेणहून वडखळमार्गे जाता येतं, रोह्याहून मात्र दिवस मोडतो. म्हणून मोहल्ल्यातल्या तरुणांनी चार-पाच जणांचे अर्ज एकत्र भरून एकाच गाडीने न्यावं. आधार, फोटो आणि आजाराचे जुने कागद सोबत असू द्या.

ग्रामपंचायत आणि नगरपरिषदेला आपल्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हे ग्रामसभेत विचारता येतं. दाद मिळत नसेल तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

पण पंचायतीला जाब विचारण्याआधी आपलं दार पाहू या. येत्या जुम्याला नमाज झाल्यावर ट्रस्टी साहेबांनी टेप घेऊन पायऱ्यांची उंची मोजावी आणि तिला बाराने गुणावं. रॅम्प किती लांब लागेल ते तिथेच कळेल. मग जे चाचा येईनासे झालेत त्यांच्या घरी जाऊन विचारावं, "तुम्हाला नक्की कुठे अडतं?" त्यांना विचारूनच काम सुरू करावं.