गाण्यावर नाचणारे दिवे : आधी बंद करायची वेळ ठरवा, मग गाणे निवडा

गावची जत्रा म्हटली की पूर्वी पेट्रोमॅक्सच्या बत्त्या असायच्या. मग रंगीत बल्बच्या माळा आल्या आणि त्या पळवणारा गोल फिरणारा रोलर आला. आता पोरांना गाण्याच्या ठेक्यावर रंग बदलणारे दिवे हवे असतात. ढोल वाजला की कळस लाल, बासरी लागली की निळा. पैठणच्या संत ज्ञानेश्वर उद्यानात संगीतावर नाचणारे कारंजे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही कल्पना नवी नाही. नवे एवढेच, की हे काम आता तळहातावर मावणारा डबा करतो. संगणक समोर ठेवावा लागत नाही आणि रात्रभर माणूसही बसवावा लागत नाही.

आपल्या आष्टी तालुक्यात सावरगावच्या मच्छिंद्रनाथांच्या (मायंबा) पाडव्याच्या यात्रेपासून वाडीवस्तीवरच्या सप्ताहापर्यंत वर्षभर कुठे ना कुठे उत्सव चालूच असतो. रोषणाईसाठी वर्गणीतला चांगला हिस्सा जातो. म्हणून हा डबा काय आहे, तो कसा बसवायचा आणि त्याचे वेळापत्रक कसे लावायचे, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी, सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे. यात गोष्ट फक्त शोभेची नाही. विजेची, जिवाची आणि शेजारच्या शेताचीही आहे.

डबा म्हणजे मोटारीचा 'ऑटो'च

विहिरीवरच्या स्टार्टरला आपण 'ऑटो' बसवतो. रात्री लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, आपण घरी झोपलेलो असतो. दिव्यांचा स्वतंत्र कंट्रोलर हाही तसाच. काय करायचे ते आधी त्याच्या मेमरी कार्डात भरून ठेवायचे. पुढचे काम तो एकटा करतो.

यात दोन प्रकार येतात. पहिला स्वस्तातला. त्यात एसडी कार्ड घातले की नक्षी सुरू होते आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून. त्याला गाणे कळत नाही आणि घड्याळही नसते. काहींत छोटा माइक असतो. आवाज मोठा झाला की दिवे भडकतात, पण मागून ट्रॅक्टरने हॉर्न वाजवला तरीही भडकतात. याला गाण्याशी जुळवणे म्हणता येणार नाही.

दुसरा प्रकार म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक आणि त्यात फाल्कन प्लेयर ही फुकट मिळणारी प्रणाली. गाणेही हाच डबा वाजवतो, दिवेही हाच चालवतो आणि वार, तारीख, वेळ पाहून सुरू-बंदही हाच करतो. मोबाइलवरून त्याची मांडणी करता येते. मंडळाने घ्यायचाच तर हा घ्यावा.

दिव्यांची पाणीपाळी

या माळेतल्या प्रत्येक दिव्याला पिक्सेल म्हणतात. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे आणि एक बारीक चिप असते. डबा तारेतून सगळ्यांची माहिती एका ओळीत सोडतो. पहिला पिक्सेल आपल्या वाट्याची माहिती घेतो आणि उरलेली पुढे सोडतो, दुसरा त्याची घेतो. पाटाच्या पाण्याची पाळी चालते तसे. म्हणूनच वरच्याने पाणी अडवले की खालचा कोरडा राहतो, तसा मधला एक पिक्सेल खराब झाला की त्याच्या पुढची माळ बिघडते. शेवटचा चांगला आणि पहिला बिघडलेला, एवढे दोन तपासले की दोष बहुधा सापडतो.

गाणे जुळवायचे काम घरी संगणकावर करायचे. त्यासाठी एक्सलाइट्स नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो. पडद्यावर गाण्याची पट्टी दिसते. ठेका कुठे पडतो तिथे खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेला कोणता दिवा कोणत्या रंगात लावायचा ते ठरवायचे. सेकंदाला २० चित्रे पुरतात. ५०० पिक्सेल असतील तर एका चित्राला १,५०० आकडे लागतात, प्रत्येक पिक्सेलला तीन. चार मिनिटांच्या गाण्याची चित्रे होतात ४,८००, आणि सगळे मिळून कार्डात सुमारे ७२ लाख बाइट म्हणजे ७ एमबी जागा जाते. मोबाइलमधल्या दोन-तीन फोटोंएवढीच. जागा थोडी लागते, वेळ मात्र भरपूर जातो. पहिल्या गाण्याला चार-पाच रात्री धरून चालाव्यात.

इथे एक चूक नेहमी होते. गाणे मोबाइलवरून लावतात आणि दिवे डब्यावरून चालतात. दोघे एकाच क्षणी सुरू होत नाहीत आणि अंतर वाढत जाते. ब्लूटूथ स्पीकर जोडला तर आवाज सेकंदाचा एक-दोन दशांश उशिरा येतो आणि ठेका चुकलेला लगेच कळतो. गाणे डब्यातूनच वाजवावे आणि अॅम्प्लिफायरला साधी वायर जोडावी.

आकडा टाकायची गरजच उरलेली नाही

आता मुद्द्याची गोष्ट. देवळावर पूर्वी १५ वॅटचे ५०० बल्ब लावले तर भार व्हायचा ७,५०० वॅट. म्हणजे पाच एचपीच्या जवळजवळ दोन मोटारी. आजचा ५ व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा लागला तरी साधारण ०.३ वॅट घेतो. ५०० पिक्सेलचे झाले १५० वॅट. दोन छताचे पंखे फिरतात एवढी वीज. भार खरा वाढतो तो मोठ्या आवाजाच्या यंत्रणेने आणि हॅलोजनने.

एवढ्याशा विजेसाठी शेतीच्या डीपीवरून आकडा टाकण्यात काय अर्थ आहे? आकड्याची सैल जोडणी तापते, ठिणग्या पडतात, फेजचा तोल बिघडतो. ६३ केव्हीएची डीपी एका फेजवर साधारण ८४ अँपिअर देऊ शकते. तिच्यावर मोटारी आधीच चालू असताना वर जत्रेचा सगळा भार टाकला की ती जळायला वेळ लागत नाही. चैत्रात डीपी जळाली तर ती बदलून येईपर्यंत उन्हाळी कांदा, मका, घास उन्हात उभा राहतो. आपल्या तालुक्यात दुधावर चालणारी घरे पुष्कळ. चारा वाळला की डेअरीचा हिशेब कोलमडतो. दोन रात्रींच्या शोभेसाठी पंधरा शेतकऱ्यांचे पाणी तोडायचे का, हा प्रश्न गावाने स्वतःला विचारावा.

शिवाय आकडा टाकणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १३५ प्रमाणे चोरीचा गुन्हा आहे. सार्वजनिक उत्सवासाठी महावितरण तात्पुरती जोडणी देते. अर्ज उत्सवाच्या आधी पुरेसे दिवस करावा आणि त्यात आवाजाच्या यंत्रणेसह सगळा भार खरा लिहावा.

जीव वाचवणाऱ्या चार गोष्टी

पिक्सेलच्या माळेत ५ व्होल्ट असतात, त्याने शॉक बसत नाही. म्हणून पोरं बिनधास्त होतात. पण माळेला वीज पुरवणाऱ्या सप्लायच्या एका अंगाला २३० व्होल्ट येतात. धोका तिथे आहे.

एक, मुख्य जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. वीज गळाली की तो क्षणात पुरवठा तोडतो. रोज संध्याकाळी त्याचे 'टेस्ट' बटण दाबून पाहा. दोन, अर्थिंग खरी असू द्या. अर्थिंग असेल तर गळती होताच आरसीसीबी पडतो. नसेल तर कुणाचा तरी हात लागण्याची वाट पाहतो. तीन, सप्लाय पत्र्यावर किंवा लोखंडी कमानीवर उघडा ठेवू नका. जमिनीपासून वर, झाकलेल्या पेटीत, हवा खेळेल असा ठेवा. गणपती आणि नवरात्र पावसातच येतात. चार, वीज पुरवताना सढळ राहा. १५० वॅटच्या माळेला १०० वॅटचे दोन सप्लाय घ्या, म्हणजे दोन्ही निवांत चालतील. दर ५० पिक्सेलला नवी वीज जोडा. नाहीतर टोकाचे दिवे पांढऱ्याऐवजी तांबूस दिसतात.

चढणे, जोडणे ही कामे मेन स्विच काढूनच करावीत आणि जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

वेळापत्रक : सगळ्यात महत्त्वाचे काम

सप्ताहात हरिपाठ, कीर्तन, काकडा यांच्या वेळा ठरलेल्या असतात. दिव्यांचा कार्यक्रम त्यांच्या मधल्या जागेत बसवायचा. कीर्तनकार बुवा उभे राहिले आणि मागे कळस लाल-निळा उडतोय, हे बरे दिसत नाही.

नमुना म्हणून असे लावता येईल. सूर्य मावळला की साधे पिवळे स्थिर दिवे. हरिपाठ संपल्यावर साडेसातला पहिला कार्यक्रम, तीन गाणी, बारा मिनिटे. जेवणाच्या पंगती उठल्यावर साडेआठला दुसरा. कीर्तन नऊला असेल तर त्यानंतर गाणे नाहीच, फक्त मंद दिवे. अकराला सगळे बंद. पहाटे काकड्याला पुन्हा मंद दिवे.

फाल्कन प्लेयरमध्ये 'सूर्यास्तापासून' अशी वेळ देता येते. त्यासाठी डब्यात आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश भरावे लागतात. आष्टीत पाडव्याच्या सुमारास सूर्य साधारण ६.४० ला मावळतो, मेअखेरीस सातच्या आसपास आणि दिवाळीत सहाच्या आतच. एकदा भरून ठेवले की रोज बदलत बसावे लागत नाही.

दोन बारकावे लक्षात ठेवा. शेवटची वेळ दहाची दिली आणि चार मिनिटांचे गाणे ९.५८ ला सुरू झाले, तर डबा गाणे पुरे करून १०.०२ ला थांबू शकतो. म्हणून शेवट ९.५० चा द्या. दुसरा बारकावा भारनियमनाचा. रास्पबेरी पायच्या बहुतेक प्रकारांत बॅटरीवरचे घड्याळ नसते. वीज गेली की त्याची वेळ थांबते आणि इंटरनेट नसेल तर तो मागच्याच वेळेवर पुढे चालू लागतो. आठला वीज गेली आणि रात्री एकला आली, तर डब्याच्या हिशेबी अजून आठच वाजलेले असतात. अख्खे गाव गाण्याने जागे होईल. त्यावर उपाय साधा आहे. डीएस३२३१ नावाचे छोटे घड्याळ नाण्याएवढ्या सेलसह मिळते, ते जोडा. एसडी कार्डाच्या स्वस्त डब्याला हे जमत नाही. तो वीज आली की सुरूच होतो. त्याच्या आधी २४ तासांचा टायमर स्विच लावावा.

ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद ठेवायचा असतो. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकते. ते दिवस कोणते, हे तहसील किंवा पोलीस ठाण्यात विचारून घ्या. वस्तीच्या भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. गोठ्यातल्या गाभण गाई-म्हशींनाही आवाजाचा धसका बसतो.

गर्दी, लेसर आणि शेजारचे शेत

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या मेसन गावी कार्सन विल्यम्स या गृहस्थाने आपल्या घरावर सोळा हजार दिवे गाण्याशी जुळवून लावले. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून गाणे स्पीकरवर न लावता गाड्यांतल्या रेडिओवर ऐकवले. (आपल्याकडे परवान्याशिवाय असे प्रक्षेपण करता येत नाही.) २००५ मध्ये त्याची चित्रफीत जगभर गेली आणि बघ्यांच्या गाड्यांची रांग लागली. जवळ अपघात झाला तेव्हा त्या गर्दीतून मदत पोचेना. मग त्याने दिवे बंद केले. त्याने आवाजाचा विचार केला, पण रस्त्याचा प्रश्न उरलाच. आपल्या गल्ल्या तर त्याहून अरुंद आहेत. रुग्णवाहिकेची वाट मोकळी राहील अशीच जागा निवडा.

लेसरच्या किरणांना मात्र साफ नकार द्या. २०२३ च्या गणेश विसर्जन मिरवणुकांनंतर नाशिक, कोल्हापूर भागांत तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या तक्रारी डॉक्टरांकडे आल्या. पिक्सेलच्या दिव्याने असा धोका नसतो.

शेवटी पिकाचे. सोयाबीन, तूर, शेवंती ही पिके रात्रीची लांबी ओळखून फुलावर येतात. रस्त्याच्या दिव्याखालचे सोयाबीन बाकी रान वाळले तरी हिरवेच राहते, हे अनेकांनी पाहिले असेल. चार दिवसांच्या जत्रेने फारसे बिघडत नाही. पण देवळावर बारमाही रोषणाई करून झोत शेताकडे सोडला तर कडेच्या ओळींना फरक पडतो. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरेही संध्याकाळी दिव्यावर येतात. त्यावेळी दिव्याखाली रॉकेल टाकलेल्या पाण्याचे घमेले ठेवा, म्हणजे सापळ्याचे काम होईल.

उत्सवाआधी सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील, वायरमन आणि मंडळाची पोरं यांनी अर्धा तास एकत्र बसावे. जोडणीचा कागद, आरसीसीबी, रस्ता आणि बंद करायची वेळ, एवढ्या चार गोष्टी वहीत लिहून सह्या कराव्यात. डबा गावच्या मालकीचा ठेवला तर तोच १५ ऑगस्टला शाळेवर तिरंगा उजळवील. गाणे निवडायचे काम मग पोरांवर सोडा. ते त्यांना आपल्यापेक्षा चांगले जमते.