वाकड्या पायांची जादू

पेलेला ब्राझीलनं डोक्यावर घेतलं, पण जीव लावला तो गारिंचाला!

खरं नाव मानुएल फ्रान्सिस्को दोस सान्तोस. जन्म १९३३ चा, रिओजवळच्या पाउ ग्रांदी या कापडगिरणीच्या गावात. लहान चणीच्या या पोराला बहीण एका चिमुकल्या पक्ष्याच्या नावानं हाक मारायची: गारिंचा. तेच नाव जन्मभर राहिलं.

त्याचे दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले, वर एक आखूड. १९५३ मध्ये बोताफोगो या फुटबॉल क्लबात तो चाचणीला आला, तेव्हा समोर होता ब्राझीलचा कसलेला बचावपटू निल्टन सान्तोस. गारिंचानं त्यालाच चकवलं. असं सांगतात की, याला आपल्याकडेच घ्या, अशी गळ मग निल्टननंच क्लबाला घातली.

गंमत म्हणजे त्याची हूल बहुतेक वेळा एकच. अंग डावीकडे झुकवायचं आणि निसटायचं उजवीकडे. समोरच्याला हे पाठ असायचं, तरी तो फसायचाच. त्या वाकड्या पायांवरून पुढची चाल ओळखायची तरी कशी?

१९५८ च्या विश्वचषकात पहिले दोन सामने तो बाहेरच बसला. सोव्हिएत संघाविरुद्ध उतरला आणि पहिल्याच मिनिटात त्याचा फटका गोलखांबावर आदळला. आणि अखेर कप ब्राझीलचा!

१९६२ मध्ये चिलीतल्या विश्वचषकात पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला. मग हा गडी एकट्यानं संघ ओढून घेऊन गेला म्हणा ना. इंग्लंडविरुद्ध दोन गोल, त्यातला एक चक्क डोक्यानं. उपांत्य फेरीत चिलीविरुद्ध आणखी दोन. त्याच इंग्लंडच्या सामन्यात एक कुत्रं मैदानात घुसलं होतं, ते पुढे गारिंचाच्या घरी पोचलं म्हणतात.

पेले आणि गारिंचा एकत्र खेळले, तेव्हा ब्राझील एकदाही हरला नाही. गारिंचानं देशाकडून खेळताना एकच पराभव पाहिला, १९६६ मध्ये हंगेरीविरुद्ध. तो त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना, आणि त्यात पेले नव्हता.

दारूनं त्याला पोखरलं. १९८३ मध्ये, अवघ्या ४९ व्या वर्षी तो गेला. ब्राझिलियातल्या भव्य स्टेडियमला आज त्याचं नाव आहे. लोक मात्र त्याला 'जनतेचा आनंद' म्हणत आले.

१९६२ च्या सामन्यांची कृष्णधवल चित्रफीत मिळाली तर जरूर पाहा. नजर मैदानाच्या उजव्या बगलेवर ठेवा, गारिंचा तिथंच दिसेल.