कीबोर्डमधली सारंगी खोटी का वाटते?

कीबोर्ड किंवा मोबाईल ॲपमधला 'सारंगी' टोन तुम्ही कधीतरी वाजवून बघितला असेल. पहिला सूर ऐकून छान वाटतं, पण दोन-तीन ओळी वाजवल्या की काहीतरी हरवलंय हे जाणवतं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे नेमकं काय हरवतं हे शोधायला बसलो. तेच आज सोप्या भाषेत बघूया.

आधी वाद्य समजून घेऊ

सारंगी लाकडाच्या एकाच ओंडक्यातून कोरतात आणि खालच्या भागावर बकऱ्याचं कातडं चढवतात. मुख्य तारा तीन, त्याही तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेल्या. सतारीसारखे पडदे नाहीत. वादक नखाच्या मुळाशी तार बाजूने टेकवून बोट सरकवतो, म्हणून मींड गळ्यासारखी येते. याशिवाय साधारण ३५ ते ३७ धातूच्या तारा असतात, त्यांना तरफा म्हणतात. गज त्यांना लागत नाही. मुख्य तार वाजली की त्या आपोआप झंकारतात.

दोष सुरांच्या संख्येचा नाही

'कीबोर्डला १२ च सूर, मींड कशी येणार?' असं बरेच जण म्हणतात. हे कारण पुरेसं नाही. मिडी या डिजिटल भाषेत पिच बेंडच्या १६,३८४ पायऱ्या आहेत. नेहमीच्या सेटिंगमध्ये त्या चार अर्धस्वरांत पसरतात. एवढ्या बारीक पायऱ्या कानाला कळतच नाहीत. मग घोळ कुठे होतो? दोन ठिकाणी.

१. गज

कीबोर्डची पट्टी दाबली की वेगाचा एक आकडा जातो, १ ते १२७ मधला. म्हणजे सूर सुरू कसा झाला एवढंच यंत्राला कळतं. सारंगीत सूर सुरू झाल्यावरच खरं काम असतं. गजाचा दाब आणि वेग क्षणाक्षणाला बदलतो. राळ लावलेले घोड्याचे केस तारेला धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. ही पकड बदलली की आवाजाचा पोत बदलतो.

२. तरफा

हा मुद्दा जास्त मजेशीर आहे. तरफांपैकी बऱ्याच रागाप्रमाणे लावतात. 'सा' वाजवला की त्याच्या पोटात वरचे स्वरांशही असतात आणि त्यातला पाचवा शुद्ध गंधाराशी जुळतो. यमनसाठी तरफा लावल्या असतील तर तो गंधारही हलका झंकारतो. तोडीत गंधार कोमल, तरफा वेगळ्या, त्यामुळे झंकारही वेगळा. म्हणजे दोन रागांतला 'सा' हुबेहूब एकच नसतो!

सॅम्पल म्हणजे प्रत्येक सुराचं आधी करून ठेवलेलं रेकॉर्डिंग. त्यात रेकॉर्डिंगच्या वेळची तरफांची जुळणी कायमची गोठते. तुम्ही कुठलाही राग वाजवा, मागे झंकार त्याच जुळणीचा.

कोडने जमेल का?

तरफांचं बऱ्यापैकी जमतं. १९८३ ची कार्प्लस-स्ट्राँग पद्धत घ्या. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर २२० हर्ट्झच्या तारेसाठी सुमारे २०० आकड्यांची रांग पुरते. ती गोल फिरवायची आणि दर फेरीला आवाज थोडा मऊ करायचा. अशा ३५ रांगा म्हणजे सेकंदाला सुमारे १५ लाख छोटी गणितं. आजच्या फोनला हे किरकोळ आहे. मी पायथनमध्ये करून बघितलं. राग बदलला की फक्त रांगांची लांबी बदलायची. गज मात्र अवघड. त्याचं गणित मांडता येतं, पण ते चालवायला हात लागतो आणि कीबोर्डकडे तो नाही.

मग याचं महत्त्व काय?

गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला कादरबक्षांची सारंगी असायची. पुढे गाण्याच्या साथीत हार्मोनियमने तिची जागा घेतली. शिकायला सोपी, आणि दर रागाला तरफा लावत बसायला नको. पंडित रामनारायण यांनी साथ सोडून एकल वादनाची वाट धरली आणि सारंगीला मैफिलीत मानाची जागा मिळवून दिली. आता स्टुडिओत सॅम्पल हा स्वस्त पर्याय आहे. पण ते सॅम्पलही कुणा वादकाच्याच हातून आलेलं असतं. वादक कमी झाले तर उद्या नवं रेकॉर्डिंग कुणाचं करणार? म्हणून तुम्ही सारंगीचा डेटा गोळा करत असाल तर दोन गोष्टी नक्की करा: वादकाला योग्य मोबदला द्या, आणि प्रत्येक फाईलसोबत तरफा कोणत्या रागात लावल्या होत्या ते लिहून ठेवा.

आणि एक करून बघा. हेडफोन लावून रामनारायणांचा एखादा आलाप ऐका. गज थांबल्यावर मागे जे उरतं, तिकडे लक्ष द्या. त्या तरफा आहेत.