कोळीवाड्यातील वार्धक्य आणि सोबतीचे तंत्रज्ञान

खार रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला समुद्राला टेकून वसलेला खारदांडा हा मुंबई उपनगरांतील जुन्या कोळीवाड्यांपैकी एक आहे. एकमेकींना खेटून उभी असलेली घरे, अरुंद गल्ल्या, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या आणि मासळी बाजारातील गलबला पाहिला की अशा वस्तीत एखादे वृद्ध माणूस एकाकी असेल, ही कल्पनाही बाहेरच्याला सुचत नाही. कारण एकाकीपणा हा उंच इमारतींतील बंद सदनिकांचा आणि मुले परदेशी गेलेल्या आईवडिलांचा प्रश्न आहे, असा समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. हा समज अपुरा आहे. घरात किती माणसे राहतात आणि दिवसभरात किती जणांशी गाठ पडते हे मोजता येते, परंतु एकाकीपणा ही जाणीव असते आणि हवे असलेले नाते व प्रत्यक्षात मिळणारे नाते यांतील अंतरातून ती निर्माण होते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये या जाणिवेचे दोन प्रकार सांगितले: जिवलग व्यक्ती गमावल्याने येणारा भावनिक एकाकीपणा आणि ज्या वर्तुळात आपल्याला स्थान होते ते वर्तुळ सुटल्याने येणारा सामाजिक एकाकीपणा. कोळीवाड्यातील वृद्धांच्या वाट्याला येणारा एकाकीपणा बऱ्याचदा या दुसऱ्या प्रकारचा असतो.

त्याचे कारण मासेमारीच्या व्यवसायाच्या रचनेतच आहे. होडीचे सुकाणू आणि खलाशांची जबाबदारी ज्याच्याकडे असते तो तांडेल आयुष्यभर माणसांच्या घोळक्यात जगतो, आणि गुडघे किंवा दृष्टी साथ देईनाशी झाली की त्याचे समुद्रावर जाणे, हुकूम देणे आणि सल्ला विचारला जाणे ही तिन्ही एकदमच थांबतात. मासळी विकणाऱ्या स्त्रीचे नुकसान याहूनही मोठे असते. बाजारातली जागा हे तिचे उत्पन्नाचे साधन तर असतेच, पण वर्षानुवर्षांची गिऱ्हाइके, शेजारच्या पाटीवाल्या बायका, भावावरची घासाघीस आणि घरच्या सुखदुःखाची देवाणघेवाण हे तिचे सारे समाजजीवन त्याच जागेवर घडलेले असते. आता मासळी मोबाइलवरून मागवून घरपोच मिळू लागल्याने बाजारातील ती गाठभेटही कमी होण्याचा धोका आहे. एकाकीपणावरचा उपाय म्हणून तंत्रज्ञानाचे गुणगान करताना, काही ठिकाणी तो निर्माण करण्यातही त्याचा हात असतो हे विसरून चालणार नाही.

प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती, आणि ती त्यानंतर वाढतच गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा व्यक्तींपैकी एक एकाकीपणाने ग्रासलेली आहे, आणि हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य व स्मृतिभ्रंश यांच्याशी त्याचा संबंध आढळतो. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या विषयाची जबाबदारी स्वतंत्रपणे मंत्र्याकडे सोपवली.

वृद्धांसाठी तंत्रज्ञान म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्मार्टफोन येतो, परंतु क्रमाने पाहिल्यास पहिला मान श्रवणयंत्राला द्यावा लागेल. वयोमानाने आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी झिजतात आणि एकदा नष्ट झालेल्या या पेशी माणसात पुन्हा वाढत नाहीत. ही झीज उच्च कंप्रतेच्या, म्हणजे बारीक पट्टीच्या, ध्वनींपासून सुरू होते. स्वर ठीक ऐकू येतात, पण स, श, त, क यांसारखी व्यंजने निसटू लागतात आणि त्यामुळे आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही, अशी तक्रार सुरू होते. ज्यांनी उमेदीची वर्षे डिझेल इंजिनाच्या धडधडाटाशेजारी काढली, त्यांच्या कानांवर गोंगाटाचा आघात आधीच झालेला असतो. पुढे जे घडते ते घरोघरी ओळखीचे आहे: दोनदा विचारूनही न समजल्यावर वृद्ध माणूस तिसऱ्यांदा विचारत नाही, नुसती मान डोलावतो, हळूहळू बोलण्यातून अंग काढून घेतो, आणि घरच्यांना तो अबोल किंवा हेकट झाल्यासारखा वाटतो. भरल्या घरातला एकाकीपणा असा कानातून सुरू होतो.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ व्यक्तींवर झालेल्या ‘अचीव्ह’ या चाचणीत एका गटाला श्रवणयंत्र व श्रवणतज्ज्ञाचे मार्गदर्शन, तर दुसऱ्याला केवळ सर्वसाधारण आरोग्यशिक्षण देण्यात आले. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील वृद्धांच्या संपर्कवर्तुळात दुसऱ्या गटाच्या तुलनेत सरासरी एक माणूस अधिक टिकून राहिले होते. एक माणूस हा आकडा लहान भासतो, पण ज्याच्याशी बोलणारी माणसे मोजकीच उरली आहेत त्याच्या दृष्टीने तो लहान नाही.

श्रवणयंत्र म्हणजे आवाज मोठा करणारी साधी डबी नव्हे. डिजिटल यंत्रातील सूक्ष्म ध्वनिग्राहक आवाज टिपतो, त्यातील संगणकीय भाग त्या आवाजाचे वेगवेगळ्या कंप्रतांच्या पट्ट्यांत विभाजन करतो आणि त्या व्यक्तीच्या कानात ज्या पट्ट्या क्षीण झाल्या असतील त्याच वाढवतो. म्हणून श्रवणचाचणी आणि तिच्या आलेखानुसार केलेली जुळवणी यांवाचून यंत्राचा उपयोग होत नाही. सुरुवातीचे काही आठवडे भांड्यांचा आवाज कर्कश वाटतो, मेंदूला विस्मरणात गेलेले ध्वनी पुन्हा ओळखायला वेळ लागतो, आणि नेमक्या याच काळात पुन्हा तपासणीला कोणी घेऊन न गेल्याने यंत्र कपाटात जाते. केंद्र सरकारची २०१७ ची राष्ट्रीय वयोश्री योजना गरीब वृद्धांना श्रवणयंत्र, चष्मा, काठी, कवळी अशी साधने देते; महाराष्ट्राच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरील पात्र व्यक्तींच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा होतात. चांगल्या डिजिटल श्रवणयंत्राच्या किमतीपुढे ही रक्कम तोकडी आहे, आणि साधन दिल्यानंतरच्या पाठपुराव्याकडे दुर्लक्ष होणे हे त्याहून मोठे वैगुण्य आहे.

कान आणि डोळे शक्य तितके सावरल्यानंतर फोनचा विचार अर्थपूर्ण ठरतो. दृश्यसंवाद, म्हणजे व्हिडिओ कॉल, एकाकीपणा दूर करतो असे सरसकट गृहीत धरले जाते. परंतु वैद्यकीय संशोधनाचे परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये पुराव्यांचा आढावा घेतला तेव्हा निकषांत बसणारे केवळ तीन अभ्यास हाती लागले, ते सर्व तैवानमधील शुश्रूषागृहांतील होते, त्यांत एकूण २०१ वृद्ध होते, आणि परिणाम अनिश्चितच राहिला. याचा अर्थ असे कॉल निरुपयोगी आहेत असा नव्हे. केवळ पडदा समोर आल्याने सोबत मिळत नाही, एवढाच बोध त्यातून घ्यायचा. शाळेत फारसे जाता न आलेल्या कोळी स्त्रियांच्या पिढीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवरील ध्वनिसंदेश अधिक उपकारक आहे, कारण त्याला लिहिता-वाचता येण्याची अट नाही, आणि वसई, वर्सोवा किंवा अलिबागकडे नांदणाऱ्या लेकीचा आवाज, तिच्या कोळी बोलीतील हेलासह, हवा तितक्या वेळा ऐकता येतो. बोललेले शब्द लेखी करणारी गूगलची सोय मराठीत २०१७ पासून आहे. मात्र अशा यंत्रणांची घडण प्रमाण मराठीभोवती झालेली असल्याने बोलीत बोलणाऱ्या वृद्धेला त्या अनेकदा अडखळत समजून घेतात, आणि मग दोष आपल्याच बोलण्यात आहे असे तिला वाटू लागते. हा दोष तिचा नाही.

तरीही खुशालीचे फोन आणि शुभेच्छांची चित्रे यांनी सामाजिक एकाकीपणा भरून निघत नाही, कारण त्यांत वृद्धाकडे काही मागितलेले नसते. मासेमारीत हे विशेष जाणवते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांनी टिपलेले समुद्रपृष्ठाचे तापमान आणि हरितद्रव्याचे प्रमाण यांवरून संभाव्य मत्स्यक्षेत्रे, म्हणजे मासळी मिळण्याची शक्यता असलेले टापू, ठरवते आणि ती माहिती मच्छीमारांना स्थानिक भाषांत पुरवते. स्थाननिश्चितीसाठी उपग्रहाधारित यंत्र आणि तळाचा व माशांच्या थव्याचा वेध घेणारे ध्वनियंत्र आले आहे. या साधनांनी अनेकांचे जीव वाचवले आहेत, पण जुन्या तांडेलाला विचारले जाणारे प्रश्नही त्यांनीच हिरावले. तेच फोन उलट्या दिशेनेही वापरता येतील. उधाण आणि भांगाच्या दिवसांत प्रवाह कसा वळतो, कोणता वारा सुटल्यावर परतावे, खडक कुठे आहेत आणि कोणती मासळी आता दिसेनाशी झाली, हे नातवंडांनी आजोबांना विचारून ध्वनिमुद्रित करावे. लग्नातील हळदीच्या विधींत धवले गाणाऱ्या धवलारणींची गाणी अर्थासह नोंदवावीत. किनाऱ्याचे रूप झपाट्याने पालटत असताना अशा नोंदींना ऐतिहासिक मोल आहे, आणि ज्याचे ज्ञान कोणाला तरी हवे आहे तो माणूस वस्तीच्या वर्तुळाबाहेर राहत नाही.

जपानमधील ‘पारो’ हा सीलच्या पिलासारखा दिसणारा यंत्रमानव किंवा न्यूयॉर्क राज्याने वृद्धांना दिलेले ‘एलीक्यू’ हे बोलके उपकरण यांचे कौतुक बरेच होते. ज्यांच्याजवळ खरोखर कोणी नाही त्यांना अशा साधनांचा आधार वाटू शकतो, पण हाकेच्या अंतरावर माणसे असलेल्या वस्तीत त्यांवर खर्च करणे अस्थानी ठरेल. अधिक निकडीचा विषय फसवणुकीचा आहे. ‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर अटकेचा धाक घालत पैसे उकळण्याची, शिकार एकाकी माणूस सहज होतो, कारण विचारायला जवळ कोणी नसते. अशा वेळी १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. सल्ला, मदत किंवा नुसते मन मोकळे करण्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत विनाशुल्क उपलब्ध असते.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर, जाळी दुरुस्तीला आणि घरची कर्ती माणसे घरी असतात. खारदांड्यातील मच्छीमार संस्थांनी आणि तरुण मंडळांनी पुढच्या बंदीकाळात साठ वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची श्रवणचाचणी करून घ्यावी, आणि ज्याला यंत्र मिळेल त्याला पहिले तीन महिने फेरतपासणीला नेण्याची जबाबदारी एकेका तरुणाने नावानिशी उचलावी. या कामातील देशाची प्रमुख संस्था, १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था, वांद्रे रेक्लमेशनला, खारदांड्यापासून अवघ्या काही किलोमीटरवर आहे.