ऑक्सिमीटर चांगला दिसतोय, पण श्वास मोजला का?

२०२१मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत ऑक्सिमीटर आला आणि नंतर औषधांच्या डब्यात थर्मामीटरशेजारी मुक्कामाला राहिला. त्याच्या वेळेवरच्या इशाऱ्यामुळे अनेक जण दवाखान्यात पोहोचले. पण त्याच्याबरोबर एक समजूतही रुजली, की बोटावर ९७ दिसले म्हणजे पेशंट ठीक आहे. आजारी माणसाची घरी देखभाल करणाऱ्यांनी आधी ही समजूत डोक्यातून काढली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

हे यंत्र मोजते तरी काय? जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात त्यामागचे तत्त्व मांडले. बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश जातो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग ऑक्सिजनने भरलेला आहे याचा अंदाज मिळतो. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, हे त्यातून कळत नाही. हिमोग्लोबिन ४ ग्रॅमवर आलेल्या बाईच्या बोटावरही ९९ दिसू शकतात; आहे तेवढे सगळे भरलेले असते, पण आहेच थोडे. कोंदट न्हाणीघरात गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड भिनला, तर नेहमीचा ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजतो आणि बेशुद्ध माणसाचाही आकडा उत्तम दाखवतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतोय का, हेही त्याला दिसत नाही. बोटे गार असली, नेलपॉलिश असले, हात हलत असला तरी आकडा चुकतो. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता या यंत्राच्या नजरेतून निसटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट आढळले. आपल्याकडच्या सावळ्या-काळ्या त्वचेच्या माणसांच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवायला हवे. म्हणून हात ऊबदार करून, स्थिर ठेवून, अर्धा-एक मिनिट थांबून मगच आकडा वाचावा. तरीही दोन-चार टक्क्यांचा फरक गृहीत धरावा.

आता श्वासाकडे वळू. नाडी, ताप, बीपी आणि श्वास या चार मोजमापांत सर्वांत दुर्लक्षित आहे तो श्वासच. तो मोजायला घड्याळाशिवाय काही लागत नाही, कदाचित म्हणूनच त्याला कोणी किंमत देत नाही. न मोजताच तक्त्यावर १८ किंवा २० लिहून टाकण्याची सवय जगभरच्या वॉर्डांत आहे. प्रौढ माणूस स्वस्थ असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. फुप्फुसात बिघाड झाला की शरीर आधी श्वासाचा वेग वाढवते आणि त्या जोरावर रक्तातला ऑक्सिजन काही काळ सावरून धरते. म्हणजे बोटावर ९६ असताना श्वास २८ असेल, तर तो ९६ मोठ्या कष्टाने टिकवलेला आहे. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या धोक्याच्या गुणतक्त्यात २५ किंवा त्याहून जास्त श्वासांना सर्वाधिक म्हणजे ३ गुण मिळतात, ते याचसाठी.

मोजण्याची रीत सोपी आहे. पेशंटला सांगायचे नाही, कारण सांगितले की श्वास बदलतो. मनगट नाडी पाहतोय असे धरून ठेवायचे आणि छाती-पोट वरखाली होताना पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. लहान मुलांचे आकडे वेगळे: दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिने ते वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त श्वास, आणि सोबत खोकला असेल तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. याच साध्या मोजणीवर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावपातळीवर न्यूमोनियावर उपचार उभे केले; बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. अक्षरओळख नसलेल्यांनाही मोजता यावे म्हणून त्यांनी मण्यांचे श्वासमापक यंत्रही तयार केले.

बीपी आणि तापाबद्दल थोडक्यात. ‘बीपी नॉर्मल आहे ना, मग काळजी नको’ हे खरे नाही. रक्तस्रावात तरुण माणसाचे बीपी बराच वेळ टिकते, आधी नाडी वाढते. आणि बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर तीही वाढत नाही. म्हाताऱ्या माणसांना गंभीर जंतुसंसर्गातही ताप येईलच असे नाही. आजोबा कालपासून असंबद्ध बोलू लागले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. नव्याने आलेला गोंधळ हे धोक्याचे लक्षण मानले जाते.

‘ऑक्सिजन लावून ठेवू, तोटा तर काही नाही’ हा समज तर डॉक्टरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांत होता. स्वीडनमध्ये हार्ट अटॅकचा संशय असलेल्या सहा हजारांहून जास्त रुग्णांवर अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१७मध्ये आले. ज्यांचा ऑक्सिजन ९० किंवा वर होता त्यांना तो जास्तीचा देऊन जीव वाचण्याच्या दृष्टीने काही लाभ झाला नाही. सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजारात तर सरळ धोका आहे. बिडी-सिगारेटने आणि वर्षानुवर्षे चुलीच्या धुराने फुप्फुसे खराब झालेल्यांपैकी काहींना भरमसाट ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड साठतो. पेशंट गुंगतो आणि नातेवाइकांना वाटते, बरे झाले, शांत झोप लागली. टास्मानियात रुग्णवाहिकेपासूनच मोजून-मापून ऑक्सिजन दिल्यावर अशा रुग्णांचे मृत्यू लक्षणीय घटले, हे २०१०मध्ये दिसले. म्हणून बहुतेकांसाठी लक्ष्य ९४ ते ९८ असते, तर अशा रुग्णांसाठी ८८ ते ९२. सिस्टर बाजूला गेल्यावर फ्लोमीटरची गोटी वर चढवणे म्हणजे औषधाचा डोस आपल्या मनाने वाढवणे. पण याच भीतीने खरोखर कमतरता असलेल्याचा ऑक्सिजन रोखायचाही नाही.

नळीचेही गणित आहे. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. नाकातल्या नळीने दर लिटरमागे साधारण चार टक्के वाढतात, सहा लिटरपर्यंत. साधा मास्क पाच लिटरच्या खाली चालवू नये, नाहीतर सोडलेलाच श्वास परत आत जातो. पिशवीचा मास्क असेल तर पिशवी फुगलेली दिसली पाहिजे.

‘ऑक्सिजनची सवय लागते’ हा सगळ्यांत क्रूर गैरसमज, कारण त्यामुळे माणसे हातचा उपचार सोडतात. सीओपीडीत ऑक्सिजन कायम खूपच खाली राहणाऱ्यांना रोज किमान १५ तास तो दिला तर आयुष्य वाढते, हे अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अभ्यासांनी १९८०-८१मध्येच दाखवले. गरज आजारामुळे असते, नळीमुळे नव्हे. त्या खोलीत मात्र निरांजन, उदबत्ती, बिडी नको, आणि नाकाला व्हॅसलीन नको. पाण्यात मिसळणारे मलम चालते.

१०८ला किंवा डॉक्टरांना फोन करताना नुसते ‘ऑक्सिजन ९५ आहे’ असे सांगू नका. साध्या हवेवर ९५ आणि पाच लिटरवर ९५ ही दोन वेगळ्या माणसांची अवस्था आहे. किती लिटरवर आहे, मिनिटाला श्वास किती, नाडी किती, एका दमात पूर्ण वाक्य बोलता येते का आणि माणूस नेहमीसारखा भानावर आहे का, एवढे सांगा.